हार्पूनचे अग्र अंगात आडवे कसे होते? आठवीच्या प्रदर्शनासाठी प्रतिकृती करायची आहे

कातळवेडी (फोंडा)

नमस्कार मंडळी. शाळेच्या प्रदर्शनात यंदा आठवीच्या मुलांकडे ‘बर्फातले शिकारी’ हा कोपरा आला आहे. तीन टेबले आणि एक फलक. उत्तर ध्रुवाजवळचे प्रागैतिहासिक लोक कोण, काय मारून खात, आणि हे आपल्याला कळले कसे, एवढे मुलांनी स्वतः बोलून दाखवायचे आहे. नुसती चित्रे चिकटवायची नाहीत, म्हणून सील मारायच्या हार्पूनची चालती प्रतिकृती करायचे ठरले. हातात एक महिना आहे.

अडले आहे ते इथे. सगळीकडे लिहिलेले असते की अग्र कातडीखाली शिरले की ‘आडवे होते’ आणि मग सुटत नाही. पण कशामुळे आडवे होते? मुलांनी लाकडाचे एक अग्र करून केळीच्या बुंध्यात खुपसले, दोरी ओढली, तर ते गेले तसेच सरळ बाहेर आले. हाड, शिंग, दात यांपैकी इथे काय मिळेल आणि काय वापरलेले चालेल? एका पालकांनी मोरजीच्या किनाऱ्यावर सापडलेले मोठे हाड देऊ केले आहे, बहुधा डॉल्फिनचे.

आणखी दोन शंका. भारताचे हिमाद्री संशोधन केंद्र नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर आहे आणि त्याचा कारभार आपल्या वास्कोहून चालतो, म्हणून फलकाची सुरुवात ‘हिमाद्रीच्या परिसरातले आदिम शिकारी’ अशी करावी असे वाटते. शेवट आपल्या गोव्यातल्या उसगाळीमळच्या कातळशिल्पांनी, कारण नॉर्वेत आल्टा इथेही कातळात कोरलेले प्राणी आहेत. ही जोडी लावणे बरोबर का? आणि मुलांनी ‘इतक्या वर्षांपूर्वीचे’ असे कशाच्या जोरावर म्हणायचे?

हाडकाम (डिचोली)

कातळवेडीताई, केळीचा बुंधा बरोबर निवडलात. चूक अग्रात आहे.

आधी मुलांना हे सांगा की हार्पून म्हणजे भाला नव्हे. भाला मारतो, हार्पून धरून ठेवतो. जखमी सील पाण्यात बुडी मारतो आणि बर्फाखाली निघून जातो. तो परत हाती आला नाही तर घाव वाया. म्हणून अग्र अंगात राहावे आणि बाकीचे लाकूड सुटून यावे, अशी सगळी जुळणी असते.

मागून पुढे भाग असे. दांड्याच्या मागच्या टोकाला बर्फ ठोकून पाहायची हाडाची कांब. मग लाकडी दांडा. त्याच्या पुढच्या टोकावर हाडाचे किंवा वॉलरसच्या दाताचे जड बोंड, म्हणजे वजन पुढे येते. बोंडाच्या खळग्यात एक कांडी बसते, मुद्दाम थोडी सैल, कारण प्राणी हिसका देतो तेव्हा ताठ कांडी मोडते. कांडीच्या टोकावर अग्र, पेनच्या टोपणासारखे नुसते चढवलेले. अग्राला मध्ये भोक, त्यातून वादी. वादीचे दुसरे टोक बर्फातल्या श्वासाच्या भोकाशी उभ्या असलेल्या शिकाऱ्याच्या हातात, किंवा उघड्या पाण्यात असेल तर फुगवलेल्या अख्ख्या सीलच्या कातड्याला बांधलेले.

आता आडवे होणे. तीन गोष्टी एकाच वेळी हव्यात.

पहिली, भोकाची जागा. वादी अग्राच्या मध्यावर ओढली पाहिजे. भोक मागच्या टोकाशी असेल तर अग्र शेपटीकडून ओढले जाते आणि आत गेलेल्या वाटेनेच परत येते; तुमचे नेमके हेच झाले असावे. भोक फार पुढे गेले तर उलट होते, अग्र पूर्ण फिरून नाकाकडून बाहेर निघते. मध्य, किंवा मध्याच्या किंचित मागे.

दुसरी, टाच. अग्राच्या मागच्या टोकाला एका बाजूला तिरका टोकदार काटा ठेवतात. वादी मागे खेचली गेली की ही टाच मांसात रुतते आणि मागचे टोक बाजूला फेकले जाते. टाच दोन्ही बाजूंना सारखी कोरली तर दोन्हीकडचा जोर एकमेकांना मारतो आणि अग्र सरळच राहते. मुले समतोल साधायला जातात आणि इथेच फसतात. टाच एकाच बाजूला.

तिसरी, वादीची बाजू. वादी टाचेच्या विरुद्ध बाजूने मागे आली पाहिजे. त्यासाठी भोकापासून मागे एक उथळ पन्हळ कोरतात, वादी तीत बसते आणि शिरताना अडकत नाही. वादी टाचेच्याच बाजूने आली तर तिचा ओढा टाचेला उलट फिरवतो. हे दहा मिनिटांत करून दाखवता येते: एकाच अग्राला वादी एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने बांधा.

मापे, शाळेच्या कामाला पुरतील अशी: लांबी ९ सें.मी., रुंदी २ ते २.५, जाडी १.५. मागून खोबण २ सें.मी. खोल, तोंडाशी ८ मि.मी., आत निमुळती. भोक ५ मि.मी. कांडीचे टोक खोबणीत असे बसावे की हार्पून उलटा धरला तर अग्र पडू नये, पण वादीला बोटाने हलका हिसका दिला की सुटावे. घट्ट बसले तर प्रयोग संपला; कांडी अग्रासकट बाहेर येते.

सामान. डॉल्फिनचे हाड घेऊ नका. डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या परिशिष्टात आहे. किनाऱ्यावर सापडले तरी ठेवायचे नाही, वन खात्याला कळवायचे. (आणि तो मासा नव्हे, सस्तन प्राणी. फलकावर ही चूक जाऊ देऊ नका.) सांबर-चितळाची शिंगे, गळून पडलेली असली तरी, त्याच कायद्यामुळे नकोत. हस्तिदंत तर नाहीच. म्हशीचे शिंग घ्या. मुळाशी ते पोकळ असते, पण टोकाकडचे दहा-बारा सेंटिमीटर भरीव असतात आणि तेवढ्यातच अग्र होते. हाड हवेच असेल तर म्हशीच्या पायाची नळी. तिची भिंत सेंटिमीटरच्या आतच भरते, म्हणून हाडाला बंद खोबण जमत नाही. त्यासाठी उघडी खोबण करा: मागच्या भागात एका बाजूने उघडी पन्हळ आणि वरून दोरा गुंडाळून बंद. तीही अस्सल रीत आहे, उत्तरेत दोन्ही सापडतात.

हाड फार उकळू नका. चरबी काढायला साबणाच्या कोमट पाण्यात चार-पाच दिवस ठेवा, पाणी रोज बदला. तासन् तास उकळलेले हाड खडूसारखे होते आणि टाच पहिल्याच ओढीला तुटते. कोरण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा आणि ओलेच घासा. कोरड्या हाडाची व शिंगाची पूड छातीत जाते. मास्क सगळ्यांना, बघणाऱ्यांनाही.

अग्राच्या टोकात बसवायचे पाते पाटीचे करा. दगडी पाटी म्हणजे स्लेटच, आणि उत्तरेतही पाती स्लेट घासूनच करत. खिळ्याने दोन्ही बाजूंनी खोल रेघ मारून काठावर मोडा, मग सहाणेवर पाणी घालून धार लावा. ठोकून आकार द्यायला जाल तर पाटीचे पापुद्रे सुटतील. दांड्याला सुरूची दीड मीटर काठी, वादीला चांभाराकडची चामड्याची वादी, गुंडाळायला मेण लावलेला सुती दोरा.

चाचणीसाठी बुंध्यावर स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ताणून खिळवा. कातडी नसेल तर अग्र आडवे झाले तरी मऊ बुंधा फाडून बाहेर येते. खऱ्या सीलमध्ये त्याला अडवते ती कातडी, मांस नव्हे. ट्यूबला अग्राएवढी चीर, आत खुपसा, कांडी काढून घ्या, वादीला मासळीचा ताणकाटा लावा आणि ओढा. पाहुण्यांच्या हातात काटा द्या.

सड्यावरचा (वास्को)

एक महत्त्वाची दुरुस्ती. ‘हिमाद्रीच्या परिसरातले आदिम शिकारी’ हा मथळा कृपया लावू नका. हिमाद्री २००८ पासून स्वालबार्डमधल्या न्यू-ओलेसुंडला आहे आणि आपल्या हेडलँड सड्यावरचे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र तिचा कारभार पाहते, इथपर्यंत बरोबर. पण स्वालबार्डवर प्रागैतिहासिक वस्तीचा मान्य झालेला एकही पुरावा नाही. अश्मयुगीन हत्यारे सापडल्याचा दावा मागे झाला होता. ते दगड थंडीने आणि लाटांनी नैसर्गिकरीत्या फुटलेले आहेत असे पुढे ठरले. माणसाची नोंद तिथे १५९६ मध्ये बॅरेंट्सच्या जहाजापासून सुरू होते. रेनडियर, सील, वॉलरस सगळे असून माणूस नाही, कारण आजूबाजूला मोठा समुद्र आहे आणि जवळची जमीन दिसत नाही.

माझ्या मते हीच गोष्ट फलकावर लावा. नकाशावर स्वालबार्ड रिकामे ठेवा आणि मुलांना विचारू द्या की इथे कोणी का नाही.

बर्फाखालचे (पर्वरी)

हाडकाम दादांनी यंत्र समजावले आहे. मी काळ आणि माणसे सांगतो, आणि त्यांच्या एका वाक्याला थोडी मुरड घालतो. घासलेल्या स्लेटची पाती मुख्यतः थुले लोकांची, म्हणजे आजच्या इन्युइटांच्या पूर्वजांची. त्यांच्या आधीचे डॉर्सेट लोक बहुतेक वेळा चर्ट या गारगोटीसारख्या दगडाचे बारीक टवके काढून त्रिकोणी पाती करत. पाटीचे पाते लावलेत तर खाली ‘थुले’ असे लिहा.

नकाशावर पश्चिमेकडून या. सायबेरियात याना नदीकाठी, ७१ अंश उत्तरेला, सुमारे ३२००० वर्षांपूर्वीची वस्ती मिळाली आहे. तिथे हस्तिदंताच्या आणि केसाळ गेंड्याच्या शिंगाच्या कांड्या सापडल्या, म्हणजे तुमच्या हार्पूनच्या कांडीच्याच जातीच्या, पण भाल्याच्या. त्या किनाऱ्याच्या उत्तरेला समुद्रात ७६ अंशांवर झोखोव्ह बेट: सुमारे ९००० वर्षांपूर्वी तिथले लोक रेनडियरबरोबर ध्रुवीय अस्वले मारत, कुत्रे पाळत, घसरगाड्या वापरत. तिथला ऑब्सिडियन (ज्वालामुखीची काच) हजारभर मैलांवरून, सायबेरियाच्या पूर्व टोकाच्या चुकोत्कातून आलेला आहे.

कॅनडाचा उत्तर भाग आणि ग्रीनलंड या पट्ट्यात माणूस फार उशिरा पोचला, अलास्काकडून, साधारण ४५०० ते ५००० वर्षांपूर्वी. अलास्कातली त्या लोकांची बारीक दगडी हत्यारे पुरातत्त्वज्ञ गिडिंग्ज यांना १९४८ मध्ये केप डेन्बीला मिळाली. ग्रीनलंडच्या अगदी उत्तर टोकाला, पीअरी लँडमध्ये, एगिल क्नुथ यांनी त्यांचीच घरे शोधली: उभ्या फरश्यांच्या दोन रांगा, मधोमध चौकोनी चूल, दोन्ही बाजूंना झोपायची जागा. तिथे ते मस्क ऑक्स (बैलासारखा केसाळ प्राणी) मारत, आणि जळणाला वाहून आलेले लाकूड आणि हाडे. दिवसच उगवत नाही असा काळ तिथे महिनोन् महिने चालतो.

या आधीच्या लोकांना पॅलिओ-इन्युइट म्हणतात. त्यांच्यातला शेवटचा मोठा गट डॉर्सेट, जो इ.स.पू. ५०० च्या सुमारास घडला. मानववंशशास्त्रज्ञ डायमंड जेनेस यांनी १९२५ मध्ये केप डॉर्सेटहून आलेल्या वस्तू पाहून हे वेगळे लोक आहेत असे ओळखले. थुले त्यानंतरचे. ते बेरिंग सामुद्रधुनीकडून निघाले, कायाक, मोठ्या कातडी होड्या, कुत्र्यांच्या गाड्या आणि धनुष्यबाण घेऊन, आणि तेराव्या शतकात पूर्वेकडे ग्रीनलंडपर्यंत पोचले. आजचे इन्युइट त्यांचे वंशज. इन्युइट आपल्या कथांमध्ये आधीच्या लोकांना तुनीत म्हणतात. ‘एस्किमो’ हा शब्द फलकावर नको. कॅनडात आणि ग्रीनलंडमध्ये लोकांना तो नको आहे.

आता काळ कसा कळतो. इथे सगळ्यात मोठा घोटाळा होतो, आणि मुलांना तो समजेल असा आहे. रेडिओकार्बनने मोजायचे ते मेल्यानंतर किती कार्बन-१४ विघटित झाला. अर्धायुष्य ५७३० वर्षे. पण समुद्राच्या खोल पाण्यातला कार्बन आधीच जुना असतो. त्या पाण्यातले शेवाळ, ते खाणारा मासा, मासा खाणारा सील, सील खाणारा माणूस, सगळेच आपल्या खऱ्या वयापेक्षा जुने दिसतात. जगाची सरासरी चारशे वर्षांच्या आसपास, उत्तरेत जागोजागी त्याहून जास्त. म्हणजे सीलचे हाड मोजून ‘इ.स. ९००’ आले तर शिकार तेराव्या शतकातली असू शकते.

दुसरा सापळा लाकडाचा. तिथे झाडे नाहीत. नद्यांनी समुद्रात आणलेले, वर्षानुवर्षे तरंगलेले, मग किनाऱ्यावर कोरडे पडून राहिलेले ओंडके शिकारी उचलत. थंडीत सुकलेला ओंडका शतकेच्या शतके टिकतो. चुलीतला कोळसा त्या ओंडक्याचे वय सांगतो, चुलीचे नाही. तिसरा सापळा चरबी: दिव्याची काजळी आणि भांड्याच्या कडेचे पापुद्रे सीलच्या तेलाने माखलेले असतात, ते कशावर सांडले तर तेही जुने दिसू लागते.

म्हणून नमुना निवडायचा तो जमिनीवरच्या प्राण्याचा, कॅरिबूचा (उत्तर अमेरिकेतला रेनडियर) किंवा मस्क ऑक्सचा, नाहीतर त्याच वर्षी तोडलेल्या बारीक विलोच्या काडीचा. शिवाय हाडातले कार्बन-१३ चे प्रमाण एका ठरलेल्या मानकाशी ताडून, हजारात किती कमी असे मोजतात: फक्त जमिनीवरचे खाणाऱ्याचे सुमारे उणे २०, समुद्रावर जगणाऱ्याचे उणे १३ च्या आसपास. आकडा कुठे पडतो त्यावरून दुरुस्ती किती करायची ते ठरते. थुले लोक पूर्वेला दहाव्या-अकराव्या शतकात निघाले असे पूर्वी मानत. नमुने असे गाळून मोजल्यावर ते स्थलांतर तेराव्या शतकात आले. दोनशे वर्षांचा फरक नुसत्या नमुन्याने पडला. टेबलावर दोन हाडांची चित्रे ठेवा, एक सीलचे, एक कॅरिबूचे, एकाच चुलीतली, आणि दोन वेगळी वये लिहा. कोणत्यावर विश्वास ठेवाल, हे बघणाऱ्यांना ठरवू द्या.

खोदकामाबद्दल थोडे. जमीन खाली कायमची गोठलेली असते. उन्हाळ्यात रोज वरचे काही सेंटिमीटर वितळते, तेवढेच खरवडायचे आणि दुसऱ्या दिवसाची वाट बघायची. घाईने कुदळ मारली तर बर्फाबरोबर त्यात गोठलेले हाडही फुटते. पाणी साचते, चर काढावा लागतो. चाळणी बारीक हवी, तीन मिलिमीटरची. सहाची घेतली तर काही मिलिमीटर रुंदीची दगडी सूक्ष्मपाती गळून जातात आणि मग ‘इथे सूक्ष्मपाती नव्हती’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. आणखी एक अडचण म्हणजे गोठणे-वितळणे चालू राहिल्याने दगड वर ढकलले जातात, त्यामुळे ‘वरचे ते नवे’ हा आपला नेहमीचा नियम तिथे डोळे मिटून लावता येत नाही.

बर्फाने मात्र जे राखले आहे ते दुसरीकडे मिळत नाही. ग्रीनलंडमध्ये केकेर्तासुसुकला सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या केसांचा झुबका टिकला, आणि २०१० मध्ये त्यातून त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. बाहेर काढलेले लाकूड आणि कातडे ओले आणि गारच ठेवावे लागते. उन्हात राहिले तर लाकूड काही तासांत चिरते. आता जमीनच वितळू लागली आहे आणि किनारे ढासळत आहेत. नैऋत्य अलास्कात नुनालेक इथे २००९ पासून खोदकाम चालू आहे ते याच घाईने.

सांगेकर (केपे)

उसगाळीमळ आणि आल्टा शेजारी ठेवायला हरकत नाही, फक्त ‘तशीच’ हा शब्द काढा. त्या दोन माणसांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. दोन वेगळ्या ठिकाणी लोकांनी कातळाचे काय केले, एवढेच दाखवायचे.

आल्टा ७० अंशांवर, उत्तर नॉर्वेत. १९७३ पासून ती शिल्पे प्रकाशात आली, १९८५ मध्ये जागतिक वारसा झाली. दगड कठीण, क्वार्ट्झाइटच्या छिन्नीने ठोकून ठोकून खड्डे पाडलेले. रेनडियर, एल्क, अस्वले, होड्या, आणि रेनडियरना कुंपणात हाकून कोंडण्याचे अख्खे दृश्य. हे कुंपण मुलांना जरूर दाखवा. तिथे शिकारीची रीतच कोरून ठेवली आहे.

आल्टाच्या शिल्पांचा काळ काढायची पद्धत आपल्याकडे चालत नाही, आणि का चालत नाही हे सांगणे सोपे आहे. हिमयुगात त्या भूमीवर प्रचंड बर्फ होते. ते वितळले, ओझे उतरले, तेव्हापासून जमीन वर उठते आहे. शिल्पे पाण्याच्या काठच्या खडकावर कोरली गेली, म्हणून आज जे जितके उंच ते तितके जुने. सर्वांत वरची सुमारे ७००० वर्षांची, खालची ख्रिस्तकालाच्या आसपासची. उसगाळीमळला कुशावती नदीच्या काठी असे बर्फ कधी नव्हते, जमीन तशी उठलेली नाही. कातळात सेंद्रिय काही नाही, म्हणून रेडिओकार्बनही थेट लागत नाही. त्यामुळे पणसायमळच्या (म्हणजे उसगाळीमळच्याच) शिल्पांचा काळ शैलीवरून आणि कोरण्याच्या रीतीवरून अंदाजतात, आणि अभ्यासकांत मतभेद आहेत. फलकावर एकच ठाम आकडा लिहू नका.

आपल्याकडचा जांभा मऊ आणि सच्छिद्र. बैल, हरणे, माणसे, ते गोल चक्रव्यूह, सगळे नदीच्या पातळीजवळ, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे. १९९३ मध्ये ती अभ्यासकांपर्यंत पोचली आणि आता कोकणातल्या कातळशिल्पांबरोबर युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. मुलांना नेणार असाल तर रेषांत खडू भरू देऊ नका, पाणी ओतू देऊ नका, चपला काढायला सांगा. आल्टालाही पूर्वी रेषा दिसाव्यात म्हणून लाल रंग भरला होता. आता तो काढण्याचे काम करावे लागते आहे. फोटोसाठी सकाळी लवकर किंवा सूर्य मावळताना जा. तिरक्या उन्हात प्रत्येक रेषेला सावली पडते, बाराच्या उन्हात अर्धी चित्रे दिसतही नाहीत.

कातळवेडी (फोंडा)

सगळ्यांचे मनापासून आभार, देव बरें करूं. हिमाद्रीचा मथळा काढला, नकाशावर स्वालबार्ड रिकामे ठेवतो आहोत. डॉल्फिनचे हाड वन खात्याला कळवायला पालकांना सांगितले.

शिंगाचे अग्र झाले आणि ट्यूबमधून सुटत नाही! टाच एका बाजूला केल्यावर लगेच फरक पडला. पण हाडाचे दुसरे करताना भोक पाडताना ते दोनदा उभे चिरले. ड्रिल मशीन वापरले होते, ५ मि.मी.चे पाते. आणि बर्फाखालचे सर, डॉर्सेट आणि थुले यांतला फरक मुलांना एका वस्तूत दाखवता येईल का? दोन नावे आठवीला जड जातात.

हाडकाम (डिचोली)

हाड उभ्या तंतूंचे असते, म्हणून चिरते तेही उभेच. थेट ५ चे पाते लावल्याने पाचर मारल्यासारखे झाले. हाड ओले ठेवा, २ मि.मी.ने सुरुवात, मग ३, मग ५. निम्मे एका बाजूने आणि निम्मे उलटून दुसऱ्या बाजूने पाडा. आरपार एकाच बाजूने नेलेत तर पलीकडची कड फुटते. वेग कमी, मधेमधे पाणी. भोकाच्या दोन्ही बाजूंना किमान ५ मि.मी. हाड राहू द्या.

बर्फाखालचे (पर्वरी)

त्या भोकातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. थुले लोक धनुकलीने फिरवायचे गिरमिट वापरत, म्हणून त्यांची भोके गोल, कडा एकसारख्या. डॉर्सेट लोकांकडे गिरमिट नव्हते. त्यांच्या पूर्वजांकडे होते, धनुष्यही होते. डॉर्सेट काळात दोन्ही गेली, का गेली यावर अजून वाद आहे. ते टोकदार दगडाने दोन्ही बाजूंनी खोबरून खोबरून भोक पाडत, म्हणून ते लांबट, होडीच्या आकाराचे, आणि कडेला खरवडल्याच्या रेघा. संग्रहालयात हातात आलेल्या तुकड्यावरून, बाकी काही नसले तरी, पहिली नजर भोकाकडे जाते.

चिरलेले हाड टाकू नका. शिल्लक राहिलेल्या भागात गिरमिटाशिवाय एक भोक करा: फोडलेल्या गारगोटीच्या टोकाने लांबीच्या दिशेने मागेपुढे खरवडत न्यायचे, तंतूंच्या दिशेने गेल्यामुळे ते चिरणारही नाही. चांगला तासभर लागेल. दोन अग्रे शेजारी ठेवा आणि भिंग द्या.

अग्राच्या टोकाला पाते बसते ती फटही त्याच भिंगाखाली येऊ द्या. दगडी पात्याला तीन-चार मिलिमीटरची फट लागते. उत्तरेत अनेक अग्रांना जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरची फट सापडते, पाते नाहीसे झालेले. तिथे धातू होता. वायव्य ग्रीनलंडमध्ये केप यॉर्कला पडलेल्या उल्केचे लोखंड तोडून, थंडच ठोकून त्याची पाती करत. डॉर्सेट लोकही करत, थुलेही. त्या उल्केचा एकतीस टनांचा तुकडा ध्रुवप्रवासी पीअरी यांनी १८९७ मध्ये अमेरिकेला नेला, तो न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. तुमच्या शिंगाच्या अग्राला पाटीचे पाते आहे. हाडाच्या अग्राची फट हॅक्सॉच्या एकाच पात्याने पाडा, रुंद करू नका, आणि रिकामीच ठेवा.